शेवटचा प्रश्न आभारकर्त्याचा

यंदा आभार मी मानते, असं भानुमतीने आपण होऊन म्हटलं, तेव्हा सरोजिनीताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आभारासाठी मंडळात दरवर्षी कुणाला तरी गळ घालावी लागे, आणि भानुमतीला तर विचारायचीही सोय नव्हती. इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवणारी, सभेत स्वच्छ बोलणारी बाई. पण आभार म्हटलं की कपाळाला आठी घालून विषय बदलायची. सरोजिनीताई मंडळाच्या अध्यक्ष, आणि त्याआधी जन्मभर मुख्याध्यापिका. टाळाटाळ करणाऱ्याने आपणहून हात वर केला की कारण विचारत बसायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लगेच नाव मुक्रर करून टाकलं.

हे गणितप्रेमी मंडळ. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागच्या गल्लीत, म्हणजे होळकरांच्या समाध्यांमागे, त्याचा एक हॉल आहे. कुणाचे पणजोबा होळकरांच्या दप्तरात होते, कुणाचे आजोबा मिलमध्ये. ती सगळी मंडळी वर्षातून एकदा मोठ्या व्याख्यानाला जमतात आणि निम्मं कळलं नाही तरी पूर्ण ऐकतात. संस्थापकांनी एक नियम घालून ठेवला आहे, तो आजवर कुणी मोडलेला नाही. आभार मानणारा भाषणभर डुलक्या काढतो आणि शेवटी उठून गोड गोड बोलतो, याचा त्यांना भयंकर संताप यायचा. म्हणून शेवटचा प्रश्न आभारकर्त्याचा. त्याने एक खरा प्रश्न विचारायचा, वक्त्याने फळ्यापाशी उभं राहून तो सोडवायचा, आणि मगच आभार. तोवर सभा उठत नाही आणि चहाही येत नाही.

भानुमतीला आभाराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तो प्रश्न हवा होता, कारण यंदाचा वक्ता देवेंद्र होता.

देवेंद्र आणि ती एकाच गुरूचे विद्यार्थी. श्रीपाद सरांकडे दोघं पीएच.डी. करत होते आणि विषय होता यंत्रांच्या नियंत्रणाचा. गणित म्हटल्यावर कुणी पान उलटू नये. गोष्ट साधी न्हाणीघरातली आहे. आपण नळ फिरवतो, पाण्याला हात लावतो, चटका बसला की नळ मागे घेतो. बाहेर काय आलं ते बघून आत काय सोडायचं ते ठरवायचं, याचंच नाव फीडबॅक. पण नळ फिरवला की पाणी लगेच तापत नाही, पाइपातून यायला वेळ घेतं. हा उशीरही धरून चालायचं तर साधे आकडे पुरत नाहीत. गणितवाले मग वलय नावाच्या जगात शिरतात. तिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार खुशाल करा. भागाकार मात्र दर वेळी होईलच, याची हमी नाही. उशिराने भागायचं म्हणजे पाणी यायच्या आधीच ते किती गरम येणार हे कळणं, आणि ते माणसाला कळत नाही.

भानुमतीने हातात घेतलेला प्रश्न असा होता: यंत्राला अनेक नळ असतील, तर फीडबॅक हुशारीने जोडून सगळं काम एकाच नळावर आणता येतं का? साध्या आकड्यांत येतं, हे जुनंच होतं. वलयांत नेहमी येत नाही, हेही माहीत होतं. पण वलयांच्या एका मोठ्या कुळात ते हमखास येतं, असा लेमा तिने मांडला. लेमा म्हणजे छोटं प्रमेय, ज्याच्या खांद्यावर पुढे मोठं प्रमेय उभं राहतं. तेव्हा तिला दिवस गेलेले होते. सुजलेल्या पायांनी फळ्यापुढे उभं राहून तिने तो लेमा देवेंद्रला ओळ न् ओळ समजावून सांगितला, कारण तो म्हणाला, मला नीट कळलं की मी सरांना समजावून ठेवतो, तुम्ही निवांत जा. ती उज्जैनला माहेरी गेली. छोट्या श्रियाला कडेवर घेऊन परत आली, तेव्हा लेमा छापून झाला होता. लेखक एकच, देवेंद्र. आणि पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: उपयुक्त चर्चेबद्दल भानुमती यांचे आभार.

ती सरांच्या केबिनमध्ये गेली, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सरांना ते नवीन नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी तिला पाणी दिलं आणि समजूत घातली. म्हणाले, तुझ्या पदरात आता मूल आहे, देवेंद्रची नोकरी व्हायची आहे, घरातली गोष्ट घरात राहू दे. देवेंद्रला विचारलं तेव्हा तो हसला. म्हणाला, भानूजी, चर्चा झाली होती ना आपली, म्हणून तर आभार मानले. भानुमतीने दुसऱ्या विषयावर प्रबंध पुरा केला आणि कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना निश्चयक शिकवायला लागली.

आता सरळ सांगायचं तर ती जळत होती. मोठ्या मनाने वगैरे तिने काहीही विसरलं नव्हतं. त्या जळफळाटातच तिने तो छापील पेपर एकदा नीट वाचायला घेतला, आपली वाक्यं कुठली आणि त्याची कुठली हे बघायला. वाक्यं सगळी तिचीच निघाली. आणि मधल्या एका ओळीपाशी ती थबकली. तिथे लिहिलं होतं की अमुक राशी शून्य नाही, म्हणून तिने भागू या. शाळेपासूनची सवय, जे शून्य नाही त्याने बेलाशक भागायचं. वलयात ते चालत नाही. सगळ्या जगाला हे शिकवणाऱ्या बाईने ऐन मोक्याच्या ओळीत जुन्या सवयीने भागाकार करून टाकला होता, आणि देवेंद्रने तो जसाच्या तसा उचलला होता. भानुमती त्या दिवशी एकटीच खो खो हसली. श्रिया दचकून रडायला लागली, तरी तिला हसू आवरेना.

पण पुराव्यात भोक असणं निराळं आणि लेमा खोटा असणं निराळं. भोक बुजवता येतं. लेमा खोटा आहे हे दाखवायला एक तरी यंत्र असं हवं होतं की ज्याचे नळ काही केल्या एकावर येत नाहीत. ते सापडेना. तिकडे देवेंद्र चढत गेला. लेम्याला त्याचं नाव चिकटलं, लेम्याच्या खांद्यावर मोठं प्रमेय उभं राहिलं, प्रमेयाच्या जोरावर तो एका मोठ्या संस्थेचा संचालक झाला. त्याचा सत्कार झाला की पेपरात फोटो यायचा, आणि भानुमती त्या पानावर भाजी निवडायची. श्रिया शाळेत गेली, कॉलेजात गेली, पुण्याला नोकरीला लागली. भानुमती शोधतच होती.

शेवटी सापडलं ते महूला, एका परीक्षेच्या सुपरव्हिजनला. पोरं माना खाली घालून लिहीत होती, पंखा कुरकुरत होता आणि ती मनातल्या मनात पाचने भागल्यावरच्या बाक्या मोजत होती. त्या कुळातल्या एका वलयाचा सगळा साज उतरवला की आत तेवढंच गणित उरत होतं. तिने एकदा केलं, पुन्हा केलं. बाकी जुळली नाही, जुळणारच नव्हती. लेमा ठार खोटा होता.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. चिंतामण बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस. त्याला कुणाचं वाईट व्हावं असं वाटायचं नाही. तो म्हणाला, "जाऊ दे ना भानू, अब क्या रखा है त्याच्यात? जर्नलला पाठवून दे आणि मोकळी हो."

जर्नलला पाठवणं म्हणजे काय, हे तिला चांगलं माहीत होतं. चार ओळींची दुरुस्ती छापून आली असती, देवेंद्रने शालीन शब्दांत कळवळून आभार मानले असते, आणि लेमा त्याचाच राहिला असता. पुन्हा एकदा आभार! तिला दुरुस्ती नको होती. लेमा भानुमतीचा आहे, हे तिला देवेंद्रच्या तोंडून, चार लोकांसमोर ऐकायचं होतं. एवढं एकच तिला या जन्मात हवं होतं, आणि त्यासाठी ती त्याचं वाटोळं करायला तयार होती.

ते त्याच्या तोंडून वदवायचं कसं, हेही तिला माहीत होतं. प्रयोगशाळेत एकदा त्याच्या हातून मोटर जळाली होती. सर दारात आले, आणि धूर खाली बसायच्या आत देवेंद्र म्हणाला, सर, भानूजींनी जोडली होती. काही बिघडलं की त्याच्या तोंडून दुसऱ्याचं नाव बाहेर पडायचं, विचार करायच्याही आधी. जे मिरवण्यासारखं ते त्याचं, जे जळालं ते दुसऱ्याचं. वलयांचं काहीही असो, देवेंद्र एका नळावर चालणारं यंत्र होतं.

मंडळाने यंदा त्याला बोलावलं आहे हे कळलं, त्याच संध्याकाळी ती सरोजिनीताईंकडे गेली.

व्याख्यानाला हॉल भरला. देवेंद्र बंद गळ्याच्या कोटात आला, पहिल्या रांगेत बसलेल्या श्रीपाद सरांच्या पाया पडला, आणि भानुमती दिसताच हात जोडून पुढे झाला.

"अरे भानूजी, तुम्ही तर बिलकुल बदलल्या नाहीत," तो म्हणाला. "आणि आभार तुम्हीच मानताय म्हणे. ये तो बढिया है."

"हो, यंदा मीच मागून घेतले," भानुमती म्हणाली.

तो बोलला छानच, ते नाकारण्यात अर्थ नाही. गीझरपासून रॉकेटपर्यंत सगळं हसत-खेळत सांगितलं, मग वळणावळणाने लेम्यावर आला. हा लेमा सुचला त्या दिवसाची आठवणही त्याने सांगितली. राजवाड्यापाशी पोहे खात उभा होता म्हणे, आणि एकदम विजेसारखं सुचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भानुमतीनेही वाजवल्या. सुजलेले पाय तिला आठवत होते, आणि त्या दिवशी कुणीही पोहे खाल्ले नव्हते, हेही.

प्रश्न झाले. मग सरोजिनीताईंनी जाहीर केलं की शेवटचा प्रश्न आभारकर्त्याचा, आणि भानुमती उठली.

तिने फळ्यावर दोन टाक्या काढल्या आणि दोन नळ. पहिला नळ पहिल्या टाकीत सरळ पाणी सोडतो. दुसऱ्या नळाचं पाणी दुसऱ्या टाकीत पाचपट होऊन पडतं. पहिल्या टाकीतून दुसरीत दुप्पट जातं. दोन्ही नळ मिळून काम चोख होतं, कारण पाचातून दोनाची दुप्पट वजा केली की एक उरतो. वलय तुमच्याच कुळातलं आहे, असं म्हणून तिने ते लिहिलं, आणि खडू त्याच्या हातात दिला. "तुमच्या लेम्याप्रमाणे हे एका नळावर यायला पाहिजे. आणून दाखवाल का?"

देवेंद्रला गंमत वाटली. एवढंच ना, असा चेहरा करून तो फळ्याकडे वळला. भराभरा फीडबॅक जोडला, चार ओळी लिहिल्या आणि स्वतःच मोठ्याने सांगितलं की आता एक संख्या शोधायची. तिचा वर्ग करायचा, दुप्पट करायची, पाचने भागायचं. बाकी एक उरली किंवा चार उरली की जमलं.

हे मात्र सगळ्या हॉलला कळण्यासारखं होतं, आणि मंडळी कामाला लागली. एकाचा वर्ग एक, दुप्पट दोन, बाकी दोन. दोनाचा वर्ग चार, दुप्पट आठ, बाकी तीन. तिनाची अठरा, बाकी पुन्हा तीन. चाराची बत्तीस, बाकी दोन. पाचाची पन्नास, बाकी शून्य. पुढे सहापासून तेच रडगाणं पुन्हा सुरू. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नहीं बैठ रहा भिया," आणि थोडे लोक हसले.

देवेंद्र हसला नाही. त्याने फडक्याने दोन ओळी पुसल्या, पुन्हा लिहिल्या. मग घाईघाईत म्हणाला की दोन शून्य नाही, तेव्हा आधी दोनाने भागून घेऊ, आणि भागलंही. आता वर्गाची बाकी दोन किंवा तीन उरायला हवी होती, आणि पाचाच्या जगात त्या दोन्ही आकड्यांना वर्गमूळच नव्हतं. त्याचा हात फळ्यावर थांबला. कोटाच्या आत घाम फुटलेला पाठीवरून दिसत होता. भानुमती बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिला फार, फार बरं वाटत होतं. एवढं बरं तिला श्रियाच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

"म्हणजे लेमा चुकीचा आहे?" सरोजिनीताईंनी विचारलं. त्यांना फक्त चहा आणायला सांगावं की नाही, हे जाणून घ्यायचं होतं.

देवेंद्र वळला. खडूचे हात झटकले आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, धुरामागून दिसलेलं.

"आता खरं सांगायलाच पाहिजे," तो म्हणाला. "हा लेमा मुळात माझा नाहीच. हा यांचा आहे, भानूजींचा. यांनीच मला फळ्यावर करून दाखवला होता, पुराव्यासकट. मी भरवशाने जसाच्या तसा घेतला. इतकी वर्षं मी यांची गलती माझ्या नावावर वाहतोय, साहेब."

बोलून मोकळा झालेला देवेंद्र अजून हसतच होता. आपण काय बोललो ते त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला, पाइपातून पाण्याला लागतो तेवढा.

"यांचा होता," सरोजिनीताई सावकाश म्हणाल्या, "तर पेपरवर नाव तुमचं एकट्याचं कसं, देवेंद्रजी? आणि ते पोह्याचं?"

त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. श्रीपाद सर काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते. आता ते हळूहळू उठले.

"भानू," ते म्हणाले, "हे खासगीत सांगता आलं असतं, बेटा."

"सर, त्या वेळी मी खासगीतच सांगितलं होतं," भानुमती म्हणाली. "दार लावून घेतलं होतं. तुम्ही मला पाणी दिलं होतं."

कुणीतरी सरांना धरून खाली बसवलं.

भानुमती माइकपाशी आली. समोर सगळे तिच्याकडे बघत होते, चिंतामणसुद्धा. लेमा खरा निघाला असता, तर देवेंद्रने तो मेल्यावरही परत केला नसता; खोटा निघाला म्हणून भर सभेत तिच्या पदरात टाकला. तरुणपणी रक्त आटवून मांडलेली तिची एकुलती एक मोठी गोष्ट खोटी होती, आणि ते सिद्ध करायला तिला उरलेलं सगळं आयुष्य लागलं होतं. हे तिला आत कुठेतरी दुखलं, आणि दुखलं तसंच तिने गिळून टाकलं. खोटी का होईना, तिची ती तिला मिळाली होती.

"डॉक्टर देवेंद्र म्हणाले ते खरं आहे," तिने सांगितलं. "लेमा माझा. पुरावा माझा. त्यातली चूकही माझीच, आणि ती शोधलीही मीच. त्यांचं त्यात काहीच नाही."

मग तिने पदर सारखा केला आणि ज्यासाठी तिचं नाव लिहिलं होतं ते काम केलं. सरोजिनीताईंचे आभार मानले, हॉल झाडणाऱ्या लक्ष्मणचे मानले, श्रोत्यांचे मानले. सगळ्यात शेवटी ती देवेंद्रकडे वळली. तो अजून फळ्यापाशीच होता, एक खांदा त्या दोन टाक्यांना टेकलेला.

"आणि उपयुक्त चर्चेबद्दल," भानुमती म्हणाली, "देवेंद्र यांचे आभार."

मग तिने माइक बंद केला आणि चहा आणायला सांगितला.